केशराची काळी डबी

दारात उभ्या राहिलेल्या माणसाला शारदाबाईंनी आधी खुर्चीवर बसवलं, मग त्याच्या हातात स्टीलचा डबा दिला आणि त्यानंतर विचारलं, की बाबा तू आहेस कोण.

"मैं... फोटोवाला. गोल बाज़ारातून. सुनीतीजींचे प्रिंट आणले."

"ते ठेव तिकडे. आधी डबा वाजव. आत काय आहे ते ओळखल्याबिगर इथून कोणी जात नाही."

भुलाबाईचे दिवस होते. संध्याकाळ झाली की तात्यापारा मोहल्ल्यातल्या चिमुरड्या पोरी शारदाबाईंच्या ओसरीवर जमायच्या, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणायच्या आणि शेवटी बंद डब्यातली खिरापत ओळखायच्या. त्या दिवशी सगळ्या पोरी हरल्या होत्या, कारण डबा कसाही हलवला तरी वाजतच नव्हता.

त्याने डबा कानाशी नेला. मान थोडी तिरपी केली, डोळे मिटले. हे सगळं शारदाबाईंची मुलगी सुनीती कोपऱ्यातल्या खुर्चीतून, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून, हसू दाबत पाहत होती.

"धोप्याच्या वड्या," तो म्हणाला.

शारदाबाईंनी झाकण काढलं. खरपूस तळलेल्या, तीळ लावलेल्या, धोप्याच्या म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या.

"कसं काय ओळखलं?" सुनीतीने विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "कालच्या रिळात... पानं होती. ओट्यावर. अन् बाजूले बेसन."

तो श्रेयस. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात राहिलेल्या घरातला, पण मराठी बोलायची वेळ आली की हिंदीच्या आडोशाला जाणारा. गोल बाज़ारातल्या फोटो लॅबमध्ये रिळं धुवायचा. त्या लॅबची घरपोच सेवा वगैरे काही नव्हती, हे सुनीतीच्या बाबांनी, बाबारावांनी, दुसऱ्याच दिवशी चौकशी करून ठेवलं. पण बोलले काही नाहीत.

छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून रायपुरातला रस्ता न रस्ता खोदून ठेवलेला होता. त्यातल्याच एका खड्ड्यात गणपतीत सुनीतीची स्कूटी गेली आणि पायाचं हाड मोडलं. ऑफिस सुटलं. पहिला आठवडा तिने चिडचिड करण्यात घालवला. मग बाबांचा जुना कॅमेरा मांडीवर आला, आणि घराबाहेर जाता येत नाही म्हटल्यावर तिला घर दिसायला लागलं. सकाळी ओट्यावर तिरपं येणारं शरदातलं ऊन. पायरीवर सांडलेला प्राजक्त. टोपलीतले ओलेगच्च शिंगाडे. पिकायला तांदळात पुरून ठेवलेली सीताफळं. बेसन माखलेले आईचे हात. आई रांधायची, ही टिपायची, आणि दोघी मिळून खायच्या; भरलेलं रीळ बाबा लॅबमध्ये देऊन यायचे. इतका सुंदर आश्विन आपण इतकी वर्षं ऑफिसच्या पंख्याखाली घालवला, याचं तिला खरोखर वाईट वाटलं.

आणि संध्याकाळी तो यायचा.

"आज तरी हरणार तुम्ही," ती म्हणायची. आता ती खिरापतीचा फोटो मुद्दाम काढत नव्हती.

तो डबा हलवायचा. "शेंगा. उकडलेल्या."

"नाही."

"शिंगाड्याचा शिरा?"

"शिरा वाजतो का कधी?"

"हारलो मग."

"इतक्या लवकर?"

"हारलो तर तुम्ही स्वतः उठून डबा खोलता ना... मले ते पाहाले आवडते. म्हणजे, पाय बरा होऊन राहिला, ते."

सुनीती काठीचा आधार घेऊन उठायची, झाकण काढायची, आणि नव्या तांदळाचे पोहे त्याच्या हातावर देताना बोटाला बोट लागलं की दोघंही पोह्यांकडेच बघत राहायचे. एकदा अचानक सर आली, अंगणात ऊन असताना. तो पन्हाळीखाली अर्धा भिजत उभा राहिला आणि ती "आत या" म्हणायचंच विसरली.

कोजागिरीच्या आदल्या आठवड्यात त्याने सांगितलं, की मामांनी भोपाळला मोठ्या लॅबमध्ये नोकरी पाहून ठेवली आहे. रिळांचे दिवस संपले, आता सगळं डिजिटल.

"अन् इथलं दुकान?"

"मालक बोलून राहिले, तू थांबशील तर नवी मशीन इथेच आणतो." त्याने डब्याचं झाकण उगाच फिरवलं. "पण थांबाले काही कारण तर पाहिजे."

हे तिच्यासाठीच बोललं गेलं होतं, हे तिला कळत होतं. तोंड उघडलं की झालं. पण कोणत्या हक्काने थांबवायचं? फोटो धुऊन देणाऱ्या माणसाला, जो अजून तिला सुनीतीजी म्हणतो? ती म्हणाली, "भोपाळ छान आहे म्हणतात." आणि रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

कोजागिरीच्या सकाळी तो निरोप घ्यायला आला. गाडी रात्रीची होती.

"हे शेवटचं रीळ," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला देऊ नका. तुम्हीच धुवा."

"जायच्या आधी धुतो."

"आई, ओट्यावरची काळी डबी दे गं."

शारदाबाईंनी आतून डबी आणून दिली. ती त्याने खिशात टाकली, स्कूटर सुरू केली, आणि सुनीती त्या धुरात बराच वेळ उभी राहिली. तोंडाने जे जमलं नाही ते त्या रिळात होतं. आता तो पाहील. पाहून काय करील, ते मात्र देवालाच ठाऊक.

संध्याकाळी अंगणात दुधाची पातेली चढली. बदाम-चारोळी पडली. चंद्र लिंबाच्या झाडाआडून वर येत होता. शारदाबाईंनी केशर घालायला काळी डबी उघडली आणि दुधावर उपडी करणार, तेवढ्यात थांबल्या.

"सुनीती. हे काय आहे वं?"

त्यांच्या तळहातावर रीळ होतं.

या घरात रिळाची एकही रिकामी डबी वाया जात नसे. एकीत हिंग, एकीत वेलदोड्याची पूड, एकीत केशर. सगळ्या सारख्याच काळ्या, सगळ्या ओट्यावर. सुनीती मटकन खाली बसली. तो आत्ता स्टेशनवर असेल, खिशात आईचं केशर घेऊन. आणि आपलं सगळं बोलणं इथेच राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात फाटकाबाहेर ओळखीची स्कूटर थांबली.

"दूध झालं का?" श्रेयसने विचारलं. हातात काळी डबी. "मशीन चालू केली, डबी खोलली अन् पूर्ण दुकानात केशराचा वास. वजनावरूनच कळाले पाहिजे होतं मले. पण ध्यान कुठे होतं."

ती उठली. काठीशिवाय उठली, हे तिलाही नंतरच कळलं. आईच्या हातातलं रीळ घेऊन तिने खिरापतीच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.

"ओळखा."

त्याने हलवला. टकटक आवाज झाला. "रीळ."

"ते कोणीही सांगेल. आत कोणाचे फोटो आहेत?"

त्याने डबा कानाशी नेला, पण या वेळी डोळे उघडे होते, तिच्याकडे.

"माझे."

"कशावरून?"

"मी आल्यानंतरच्या पहिल्या रिळात एका कोपऱ्यात माझी स्कूटर होती. मग पायरीवरच्या चपला. मग डब्यावरचा हात." तो हळू, शब्द शोधत, पण पूर्ण मराठीत बोलत होता. "एकेका रिळात जवळ येऊन राहिल्या होत्या तुम्ही. मी दुकानात बसून वाट पाहत होतो, चेहऱ्यापर्यंत कधी येता म्हणून."

"पोचले," सुनीती म्हणाली. "जाऊ नका ना, श्रेयस. मला आवडता तुम्ही. आधीच सांगायचं होतं... भोपाळ काही छान नाही."

तो हसला. "रीळ धुवाले वेळ लागेल."

"आतापर्यंत तर तासाभरात व्हायचं."

"हे नाही होणार. मालकाले मशीन आणाले सांगून आलो. मामांना उद्या फोन करतो... अन् हे रीळ मी आरामात धुतो."

केशर दुधात पडलं. दूध हळूहळू पिवळं झालं, चंद्र पातेल्यात उतरला, बाबारावांनी न मागता एक पेला जास्तीचा मांडला.

"अन् त्या डब्यात काय होतं मग?" शारदाबाईंनी दूध ढवळत विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ओळख," सुनीती म्हणाली आणि डबा आईपुढे केला.

शारदाबाईंनी डबा हातात घेतलासुद्धा नाही.

"वड्यांच्या दिवशीच ओळखलं होतं मी," त्या म्हणाल्या, आणि पहिला पेला श्रेयसच्या हातात दिला.