सालवडच्या पायरीवरचे तपेले

सन दोन हजार पंचवीस, एप्रिल महिना, चैत्राचा उन्हाळा. डहाणूकडच्या माहीम गावच्या किनाऱ्यावर दिवे गेले की नवशाकाका पोरांना त्या दिवसांतली ही हकीकत सांगतात. अंकुश त्यांचा सख्खा शेजारी; तेव्हा पदरचे काही घालण्याची त्यांना गरज पडत नाही.

डहाणूच्या महालक्ष्मीला पायी जाणाऱ्या वृद्धांच्या मुक्कामांची व्यवस्था अंकुशकडे असे. पहिला मुक्काम वर्षानुवर्षे सालवडला, जमनाबाईच्या ओटीवर. पौषात जमनाबाई वारली आणि घराला कुलूप लागले. तरुण मंडळींनी ठरवून टाकले, "थेट वाणगाव गाठू. म्हातारी माणसं टेंपोत बसतील."

अंकुशची आई ठकीबाई फणकारली, "टेंपोत घालायला मी काय पापलेट हाय?" तिचा नवस पायी चालण्याचा होता, आणि सालवडच्या पुढे एका दमात तिचे गुडघे जात नसत. तो मुक्काम सुटला तर नवसही सुटणार होता.

म्हणून अष्टमीच्या शनिवारी अंकुश निघाला. मुक्कामाची जागा आधी एक रात्र स्वतः निजून पाहायची, हा त्याचा नेम. बोईसरला जमनाबाईच्या सुनेने, सलोनीने, किल्ली दिली.

"नळ बंद हाय, दादा. शेगडीपण मी इकडं आणली. आत काय नाय."

फाटकाशी पोहोचेतो अंधारले. दरवर्षीची हाक सवयीने तोंडून गेली,

"माहीमची माणसं आली गो काकू, पाणी ठेव!"

आणि त्याने जीभ चावली. ही हाक ऐकली की जमनाबाई मिठाचे ऊन पाणी आणी, थकलेले पाय त्यात बुडवायला लावी, मग पुसून टाचांच्या भेगांत कोकमतेल चोळी. स्वतःच्या हातांनी.

किल्ली खिशातच ठेवून त्याने ओटीवर चटई टाकली. डोळ्याला डोळा लागेना. दूर कारखान्यांची घरघर. कुत्री. मग कुत्रीही गप्प झाली.

मध्यरात्र उलटली. दारामागे झाकण वाजले.

तो उठून बसला. धुराचा वास. पावले. ओढत येणारी. दारापाशी थांबली.

"कोण... कोण हाय?"

कुलूप हलले नाही.

उजाडले तेव्हा पायरीवर तपेले होते. पाण्यातून वाफ निघत होती.

अंकुश घरी पोहोचला तो घामाने निथळत. "आई, सालवड नको. टेंपोच बरा."

ठकीबाईने सगळे ऐकून घेतले. "पाणी ठेवाया सांगितलंस, नि पाय न बुडवता पळालास? काय वाटलं असंल तिला? आमी तिथंच उतरणार."

गुरुवारी, दहा एप्रिलला, त्रयोदशीच्या संध्याकाळी सगळे सालवडला उतरले. हाक ठकीबाईने मारली. तरुण फाटकाबाहेरच निजले. वर "आत उकडतं" म्हणाले. अंकुश आईच्या उशाशी जागत बसला. पहाटे तेवढा डोळा लागला.

जाग आली तेव्हा आई काठी घेऊन उभी होती. "ऊठ. वाणगाव लांब हाय."

मुक्काम कायमचा ठरला तो त्या दिवशी. आई पायरी उतरू लागली, आणि अंकुशची नजर तिच्या टाचांवर गेली.

भेगा कोकमतेलाने भरल्या होत्या. तेल सोबत कोणीच आणले नव्हते.