पाण्याच्या टाकीवरचा ड्रोन

“माफी? मी काहून मागू?” स्वानंदीने पाय घट्ट रोवले.

समोर कॉलनीचे सचिव भय्यासाहेब उभे होते, तिची दुर्बीण काखेत मारून. तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्याची ही कॉलनी. इथे आभाळात जरा काही चमकलं की मोठ्या माणसांना आधी शत्रू दिसतो. उन्हाळा लागल्यापासून रोज संध्याकाळी पश्चिमेला, पाण्याच्या टाकीवर, एक प्रखर दिवा लटकत होता. ड्रोनच तो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आणि गच्चीवरून त्याच्याकडे दुर्बीण लावणारी सातवीतली पोरगी म्हणजे त्याला इशारे करणारी! गच्चीला कुलूप लागलं. सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर दुर्बीण विसर, असा हुकूम सुटला. स्वानंदीला रडू नाही, संताप आला.

तो शुक्र आहे, हे तिने सांगून पाहिलं होतं. पण पोरांचं ऐकतो कोण? मग पियूष आणि वैष्णवीला घेऊन ती रोज अंधार पडताना मैदानात ठाण मांडून बसू लागली. दिवा टाकीवरून उजवीकडे तिरपा उतरायचा आणि दोन-अडीच तासांनी मदन महलच्या टेकडीमागे मावळायचा. लालसर मंगळ त्याच्या मागोमाग.

“ड्रोन इतका वेळ टिकतच नाही,” पियूष म्हणाला. “मेरे मामा शादियों में उड़ाते हैं ना. अर्ध्या तासात बॅटरी खतम!”

एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सूर्य बुडताच तिघं भय्यासाहेबांच्या दारात हजर. वैष्णवीने आधीच घरोघरी वर्दी दिली होती, त्यामुळे अंगणात ही गर्दी जमलेली.

“दुर्बीण तुम्हीच लावा, काका,” स्वानंदी म्हणाली. “ड्रोन निघाला तर इथेच हात जोडते.”

इतक्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. भय्यासाहेबांनी चष्मा काढला आणि डोळा लावला.

“अरे, हा तर अर्धा आहे! अष्टमीच्या चांदासारखा.”

“सूर्याचा उजेड एका बाजूनं पडून राहिला ना त्याच्यावर. चंद्रासारख्या कला शुक्रालाही असतात, काका. ड्रोनला असतात का?”

अंगणभर हशा पिकला. बघायला मोठ्या माणसांचीच रांग लागली. भय्यासाहेब ओशाळले, पण मनाने मोठे निघाले. चूक आपली होती, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं आणि स्वानंदीची पाठ थोपटली.

“शाबास, पोरी! आमचे डोळे उघडलेस.”

स्वानंदी जागची हलली नाही.

“शाबासकी राहू द्या, काका. गच्ची उघडा.”

भय्यासाहेब निमूटपणे किल्ली आणायला आत गेले.