गॅमाच्या खोलीत उभा माणूस

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण हे घडलंय. ताई आमच्या शेजारीच राहते, आणि तिचे ते तक्ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.

मंगळवार होता. दुपारचे चार. जागा, ताईच्या प्रयोगशाळेतली गॅमा किरणांची खोली.

दोन मीटर जाड भिंती. आत खोल पाण्याचा हौद आणि त्यात कोबाल्टच्या कांड्या. बटण दाबलं की कांड्या वर येतात आणि खोलीभर किरण पसरतात. दिसत नाहीत, जाणवत नाहीत. पण रबर ठिसूळ होतं, काच तपकिरी पडते, बियाणं उगवेनासं होतं.

माणूस काही मिनिटं जरी आत राहिला, तरी संपलाच.

कुठे किती किरण पोचतात हे मोजणं ताईचं काम. बोटभर लांबीच्या पट्ट्या ती भिंतींवर ओळीने लावायची. किरण लागले की पट्टी गडद होते.

त्या दिवशी मागच्या भिंतीवरच्या काही पट्ट्या फिक्या निघाल्या...

जणू मध्ये कुणीतरी उभं होतं.

"काका, आत काही राहिलं होतं का?" तिने ऑपरेटरकाकांना विचारलं.

"छे गं! मी स्वतः फेरी मारून दार लावलं. चिटपाखरूसुद्धा नव्हतं."

बुधवारी तिने चारही भिंतींवर पट्ट्या दाटीने लावल्या. संध्याकाळी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत गेली.

आधी डोकं उमटलं.

मग खांदे...

डावा खांदा उतरलेला.

ताईने पेन्सिल खाली ठेवली.

तसा खांदा तिच्या दादाचा होता. दादा शिंपी. आईवडील गेल्यावर मशीनवर वाकून वाकून त्याने तिला शिकवलं, त्यातच तो खांदा उतरला. तिला म्हणायचा, "मापं आपण दोघंही घेतो. पण माझं गिऱ्हाईक निदान दिसतं तरी!"

दादाला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

दुकानात एकटाच होता. छातीत कळ आली, तेव्हा त्याने तिलाच फोन लावला. एकदा नाही, अकरा वेळा. ताई कामावर होती. फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात.

गुरुवारी ती आकृती दाराकडच्या भिंतीवर सरकली होती.

शुक्रवारी कांड्या वर होत्या, दार बंद होतं. ताई आणि काका बाहेर टेबलाशी बसले होते. आतला आवाज ऐकवणारा स्पीकर नुसता घुंऽऽ करत होता. मध्येच ती घरघर थांबली...

आणि आत कुणीतरी खाकरलं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "ऐकलंस?"

ताईने ऐकलं होतं. घरात शिरताना दादा असंच खाकरायचा. तिला भीती वाटली नाही. रोज तासन्‌तास तो त्या किरणांत उभा होता. त्याला भाजत असेल का?

तिने कांड्या खाली घेतल्या. किरण मोजणारं मीटर शून्याजवळ आल्यावर एक लोखंडी स्टूल उचललं आणि आत गेली. दारापासून खोलीपर्यंत वळणावळणाचा बोळ आहे, तिथे किरण पोचत नाहीत. स्टूल तिने बोळात ठेवलं.

"दादा, फोन आत आणता येत नाही रे... मला खरंच कळलं नाही." तिने स्टूल भिंतीला सरकवलं. "तिथे उभा राहू नकोस. इथे बस. इथे काही लागत नाही."

मग बाहेर येऊन तिने दार लावलं.

सोमवारी सगळ्या पट्ट्या सारख्या गडद निघाल्या.

"चला, सुटलो एकदाचे!" काका म्हणाले. ताई मात्र हात धुवायला म्हणून गेली, ती अर्ध्या तासाने परत आली. डोळे सुजलेले.

याला चार वर्षं झाली. पट्ट्या परत कधी फिक्या पडल्या नाहीत. स्टूल अजून तिथेच आहे. ताई कुणाला हलवू देत नाही, आणि रोज त्याच्या बाजूने अंग चोरून जाते.

एकदा मी विचारलं, "हात लावून बघितलंस कधी?"

"नाही," ती म्हणाली. "उबदार लागलं तर काय करू... आणि गार लागलं तर?"