शिशाआडचा उंचवटा

ताऱ्याच्या पोटात अणूंची केंद्रं एकमेकांत कशी मिसळतात, हे मोजायला बाई डोंगराच्या पोटात येऊन बसल्या होत्या. आकाशातून बरसणारे कण वरचा खडक अडवायचा. त्यामुळे खाली यंत्राला इतकी शांतता, की एखाददुसरा किरणही लपत नसे.

पण कणांचा झोत बंद असतानाही पडद्यावरच्या आलेखात एक उंचवटा येऊन बसला होता. तो कशाचा, हे तिथे सगळ्यांना पाठ होतं. माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं आणि ते अगदी पुसट किरण सोडतं. उघड्या यंत्राशेजारी कुणी बसलं की नेमका हाच उंचवटा चढतो. आत्ता मात्र यंत्राभोवती शिशाच्या विटा होत्या, आणि आत मांजरही मावलं नसतं.

थोरल्या सरांनी बजावलं होतं, हा घोळ निस्तरा, नाहीतर यंत्र दुसऱ्या गटाला जाईल. बाईंची उमेदीची सगळी वर्षं त्या यंत्रापायी गेली होती. विटा रचणाऱ्या मामांनी एकेक वीट उतरवली, घासूनपुसून परत लावली. उंचवटा ढिम्म हलला नाही, उलट वाढला.

"कुणीतरी अंग चोरून बसलंय आत," मामा म्हणाले. एरवी ते स्वतःच्या विनोदाला आधी स्वतः हसायचे. आज हसले नाहीत.

बाई अगदी टेकीला आल्या होत्या. त्यांनी शिशावर कपाळ टेकलं.

"माझं काय हवं ते घे, पण इथून ऊठ."

पडदा सपाट झाला. दुपारभर सपाटच राहिला. बाईंना आनंदाने रडू फुटलं. सरांना फोन गेला, यंत्र राहिलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत मामांनी चहा ओतला.

यंत्रच मेलं नाही ना, एवढी खात्री करायची होती. विटा बाजूला करून मामा शेजारी बसले. उंचवटा चढला. ते उठले, तो उतरला.

मग बाई बसल्या.

सपाट.

त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली, यंत्राला छाती टेकवली.

सपाट.

मामांनी बाईंकडे न बघता विटा परत लावल्या.

मोजणी सुरू झाली की माणसांनी खोलीबाहेर जायचं, असा नियम होता. मामा घाईघाईने गेले.

बाईंना हायसं वाटलं. त्यांना आता जायची गरज नव्हती.