ताट घेऊन उभ्या बायका

"ताट भिंतीसमोर ठेवायचं आणि ते कुणासाठी हे विचारायचं नाही."

कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या एका घरी माझी नर्सची नोकरी ठरली, तेव्हा आईने आधी हा नियम सांगितला. मी विचारलंच. म्हणून गुरुवारी रात्री, बाहेर धुळीचं वादळ सुटलेलं असताना, हरिश्चंद्रकाका आमच्या सालमियाच्या घरी आले. मला वळण लावायला.

"तुझ्याआधी तिथे नर्मदा नर्स होती. देवगडची, माझ्या ओळखीतली," काका म्हणाले. "म्हाताऱ्या मालकांना सांभाळायची. त्यांच्या खोलीत दगडात कोरलेली भिंत आहे, इजिप्तच्या थडग्यांत असते तशी. बायकांची रांग. कुणाच्या डोक्यावर पावांची टोपली, कुणाच्या हातात बदक. मेलेल्या धन्याला जेवण नेतायत. मालक वारले, तरी घरच्यांनी नर्मदाला सांगितलं, ताट चालू ठेव."

"तिचा पासपोर्ट त्यांच्याकडेच असेल."

"सुरुची, तोंड आवर," आई म्हणाली.

"तिची मुलगी गावी तापाने फणफणलेली. ही रोज रजा मागायची. रोज उत्तर एकच, उद्या बघू. एका रात्री तिने ताट ओट्यावर आपटलं. स्वयंपाकी चंद्रहास तिथेच होता. त्याला म्हणाली, मेलेल्याला वाढतेय, आणि माझं लेकरू..."

काकांनी आवाज खाली आणला. एसी घरघरत होता.

"मग पावलं वाजली. अनवाणी. खूप. त्या खोलीतून... ती बघायला गेली. ताट पुन्हा हातात घेऊन. दार लागलं. चंद्रहासने हाक मारली. पुन्हा मारली..."

"आणि?"

"आत कुणी नव्हतं."

त्यांनी मोबाइल पुढे केला. चंद्रहासने पाठवलेला त्या भिंतीचा फोटो. रांगेच्या शेवटी एक बाई. हातात ताट, छातीला उलटं टाचलेलं घड्याळ, नर्स लावतात तसं. बाकी सगळ्या समोर बघत होत्या. ती एकटी मागे वळलेली. आणि तिच्या मागे दगडावर एका बाईची नुसती बाह्यरेघ. ताजी. चेहरा कोरायचा राहिलेला.

"म्हणून सांगतो, विचारायचं नाही," काका म्हणाले.

"तिच्या मुलीचं काय झालं?"

काकांनी मोबाइल खिशात टाकला.

"मी तिथे जाणार नाही."

"अगं, व्हिसा जाईल," आई म्हणाली.

"जाऊ दे. उद्या मी पोलिसांत जाणार आहे. नर्मदा कुठे आहे, हे आजवर कुणी विचारलं?"

काकांनी आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे.