गुडघ्यापाशी अडलेला शोध

एखादी वस्तू चोरायला जावं आणि राखणदारानेच ती हौसेने हातात ठेवावी, तर चोराने काय करायचं? चंद्रावरच्या शशिपूर वसाहतीतल्या शलाकापुढे नेमका हाच पेच पडला होता.

तिच्या पोटदुखीचं कारण म्हणजे वर्गातला निहार. चंद्रावरची धूळ मोठी चिवट. प्रखर उन्हामुळे आणि सौरवाऱ्यामुळे (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतामुळे) तिच्यावर विद्युतभार येतो. मग ती पोशाखाला जी चिकटते, ती झटकून जात नाही. पोशाखाबरोबर आत येऊन ती फुप्फुसात गेली तर घातक, म्हणून शशिपुरात मुलांना वसाहतीच्या हवाबंद घुमटाबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. निहारने काय केलं, तर पोशाखात बारीक तारा विणल्या. त्यांतून उलटसुलट वीज खेळवली, की धूळ आपोआप गळून पडे. या शोधाचं पेटंट (शोध लावणाऱ्याला ठरावीक वर्षांपुरता मिळणारा एकट्याचा हक्क) त्याला मिळालं आणि शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तारांची कल्पना तिलाही सुचली होती, आणि तीही त्याच्या आधी! कुणी ढापेल या भीतीने तिने ती आईलासुद्धा सांगितली नव्हती. आता जो तो 'निहार, निहार' करायला लागला आणि तिला जेवण गोड लागेना.

"आराखडाच चोरते आणि साऱ्या वसाहतीत वाटते. मग बघू त्याचा तोरा!" असं ठरवून ती शोधांची नोंद ठेवणाऱ्या शोधदालनात शिरली. तिथला यंत्रमानव दिसायला पाण्याच्या रांजणासारखा, म्हणून सगळे त्याला रांजणच म्हणत.

"काय पाहिजे, शलाकाताई?"

"का... काही नाही. तो निहारचा आराखडा..."

"हा घे!" म्हणत रांजणाने अख्खा आराखडा पडद्यावर उघडला.

शलाका बघतच राहिली. "हे गुपित नाही?"

"छे! गुपित ठेवलं असतं, तर पेटंट मिळालंच नसतं. वाचायला सगळ्यांना मोकळं. बनवून विकायचं असेल, तर मात्र मुदत संपेपर्यंत निहारची परवानगी लागते."

"परवानगी कशाला? सगळ्यांना फुकट का नाही?" शलाका फणकारली.

"तुझ्या ताटातला लाडू मला दिलास, तर तुझ्याकडे उरत नाही. लाडवाची कृती सांगितलीस, तर तुझं काय कमी होतं? काहीच नाही. ज्ञानाचं तसंच आहे."

"तेच तर म्हणतेय मी!"

"पण ती कृती शोधताना निहारने कितीतरी तारा जाळल्या, बोटं भाजून घेतली. दुसऱ्याच दिवशी कुणी फुकटात नक्कल केली, तर पुढच्या वेळी बोटं कोण भाजून घेईल? म्हणून समाज त्याच्याशी सौदा करतो. तू सगळं उघड कर, आम्ही काही वर्षं तुझा हक्क राखतो. तोवर वस्तू महाग पडते, हे खरं. म्हणून तर मुदत घालायची. पुढे शोध सगळ्यांचा."

शलाकाचं लक्ष मात्र पडद्यावर होतं. हेवा वाटत असला, की माणूस फार बारकाईने वाचतो. आणि तिला खोट सापडलीच! निहारच्या तारा सरळ होत्या. गुडघा सारखा वाकला, की त्या तुटणार! तिच्या कल्पनेतल्या तारा चकलीसारख्या वेटोळ्या होत्या. ताणल्या तरी तुटायच्या नाहीत.

"फसला!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "आता पेटंट माझं!"

"सुधारणेचं जरूर घे. पण मूळ रचना त्याची. त्याच्या परवानगीशिवाय तुझा पोशाख बनणार नाही आणि तुझ्या वेटोळ्यांशिवाय त्याचा टिकणार नाही."

"म्हणजे त्या शिष्टाच्या दारात जाऊ मी?"

"नको जाऊस. बसा दोघंही घुमटात."

काही दिवस ती नुसती धुमसली. अखेर रांजणाकडे सुधारणेची नोंद करून, नाक मुठीत धरून ती निहारकडे गेली.

तिचा आराखडा पाहताच निहारचे कान लाल झाले. "गुडघ्याच्या तारा किती दिवस तुटताहेत! मी कुणाला बोललो नाही. इतकं साधं होतं? हे मला का नाही सुचलं?" त्याच्या आवाजातली जळजळ शलाकाने लगेच ओळखली. इतके दिवस ती स्वतः तीच गिळत होती. तिला एकदम हसूच फुटलं.

"तुझ्या तारा मला वापरू दे, माझी वेटोळी तू वापर," ती म्हणाली. "पण घुमटाबाहेर पहिलं पाऊल माझं!"

"का म्हणून? माझं!"

बराच वेळ भांडल्यावर ठरलं, की पोशाख तयार झाले, की दारातून दोघांनी एकदम उडी मारायची. त्यांच्यामागून शशिपूरची सगळी मुलं बाहेर पडणार होती. चंद्रावर उडी चांगली लांब जाते. कुणाची जास्त लांब जाते, ते मात्र तिथेच कळणार होतं.