बाभळीवर बसवलेलं सोनं

पहिल्याच भेटीत संस्कृतीनं त्याच्या पायावर पाण्याचा कॅन टाकला.

"दिसत न्हाय का?" वरनं तीच डाफरली.

"दिसलीस म्हणूनच थांबलो हुतो," तो अंगठा चोळत म्हणाला.

दहावीतच शाळेला रामराम ठोकलेली, आता विशीतली संस्कृती इंदापूरहून टेम्पोनं बारामतीच्या कॉलेजात शुद्ध पाणी पोचवायची, बॅटरीत घालतात तसलं. तो बुद्धघोष, कळस गावचा, तिथल्या प्रयोगशाळेत सोन्यावर संशोधन करायचा.

"सोनं कुठंय पण?" तिनं एकदा विचारलं.

त्यानं लालचुटूक पाण्याची बाटली उजेडात धरली. "ह्यात. लई बारीक कण. सुटे असले की लाल, चिकटले की निळे. म्हणून त्यांना फांद्याफांद्यांचं पॉलिमर देतो. पळसदेवला बाभळीवर बगळे कसे अंतर राखून बसत्यात... तसं."

बोलताना त्याचे डोळे चमकायचे. ती बाटलीकडं कमी, त्याच्याकडंच जास्त बघायची.

त्या दिवशी दुपारी सर काम बघणार होते. जमलं न्हाय तर काम बंद, अन् बुद्धघोष नोकरी शोधायला पुण्याला. त्याची धावपळ बघून तिनं रिकाम्या बाटल्या उचलल्या, बाहेरच्या बोअरच्या नळाखाली भराभर विसळल्या अन् तशाच ओल्या मांडल्या.

त्यानं सोनं ओतलं. बघता बघता लाल पाणी निळं पडलं.

"बाटल्या कुणी धुतल्या?"

"मी. पाहुण्यापुढं पेला विसळूनच ठेवत्यात."

"अगं, बोअरचं पाणी खारं. खारानं कण चिकटत्यात..."

"मग आधी सांगायचंस की!" ती ताडकन वळली. डोळे भरून आलेले त्याला दिसू नयेत म्हणून भिंतीकडं बघायला लागली — आणि थबकली. "ए... ह्या भिंतीकडंच्या बाटल्या अजून लाल कशा?"

तो वाकला. एकेक बाटली उजेडात धरून बघितली.

"ह्यांच्यातल्या सोन्याला पॉलिमर दिलंय, बाकीचं नुसतंच हुतं," शेवटी हळूच म्हणाला. "खाऱ्या पाण्यात टिकलं, संस्कृती."

सरांनी दोन्ही रंग बघितले. "हेच परत करायचं. मुद्दाम, बोअरच्या पाण्यात," एवढंच बोलून गेले.

संध्याकाळी ती टेम्पो चालू करत होती, तर तो खिडकीपाशी आला.

"पुण्याला गेलो असतो तर... एक सांगायचं राहिलं असतं."

"काय?"

"तू आवडतीस मला. भांडतीस तवा तर जास्तच."

तिनं इंजिन बंद केलं. गालातलं हसू काही केल्या दाबता येईना.

"हेच माझ्या आबांपुढं म्हणशील?"

"म्हणीन."

"मग बस गाडीत."